पिशवीतला चष्मा

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी म्हणायला नको की बाई फार तडकते. तडकते, नाही कशाला म्हणू? सकाळी नळाला पाणी यायच्या आधी मोहल्ल्यात माझा आवाज येतो असं माझा नवरा म्हणतो, आणि त्यात काही खोटं नाही. माझ्या शेजारणीचा उजवा डोळा गेला त्याला आता वर्ष होईल. त्या डोळ्यापायी मी कुणाकुणावर तोंड सोडलं त्याची गणती नाही. ट्रॉलीवाला, मेडिकलवाला, कारखान्याचा सेठ, तिचा नवरा, माझा नवरा, आणि सगळ्यात जास्त ती. जिचा डोळा गेला तीच.

आम्ही दोघी केळीच्या चिप्सच्या कारखान्यात जायचो. कारखाना म्हणजे काय, बुऱ्हाणपूरच्या बाहेर फोपनारच्या रस्त्याला पत्र्याची एक लांब शेड आणि आत चार भट्ट्या. घरापासून सायकलने पाऊण तास. मी कच्ची केळी सोलायला बसते, माझे हात चिकाने बाराही महिने काळे. ती मात्र किसणीवर होती. उकळत्या तेलाच्या कढईवर किसणी आडवी धरायची आणि सोललेलं केळ तिच्यावरून असं सपासप ओढायचं की चकत्या सरळ तेलातच पडल्या पाहिजेत. हात आणि तेल यांच्यात वीतभर अंतर. नजर जरा चुकली तर बोटं भाजलीच म्हणून समजा. शेडमध्ये तिच्याइतका भराभर हात कुणाचाच नव्हता. नवीन बायांना सेठ तिच्याशेजारी उभा करायचा, बघून शिका म्हणून. मला त्याचं फार कौतुक होतं, कारण तिला कारखान्यात मीच घेऊन गेले होते.

आता तो रस्ता. मोहल्ल्यातून निघालं की आधी यंत्रमागांची गल्ली, तिथं कापसाची रुई हवेत तरंगत असते, ती पापण्यांना चिकटते. मग शहराच्या जुन्या दरवाज्याच्या बाहेर ट्रकांची धूळ. आणि पुढं शेतांकडून येणाऱ्या केळीच्या ट्रॉल्या. घडांना मार लागू नये म्हणून खाली आणि बाजूंनी वाळलेल्या पानांची गादी करतात. केळ्याला डाग पडला तर व्यापारी तोंड वाकडं करतो ना. ती पानं ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर लोंबत असतात, वारा सुटला की फडफडतात, तुटून उडतात. मागून किंवा बाजूने सायकलवाला चाललाय, त्याच्या तोंडावर काय येईल, याची फिकीर कुणाला? केळ्याला गादी आणि माणसाच्या डोळ्यात पाचोळा. मी एकदा एका ट्रॉलीवाल्याला थांबवून हेच विचारलं होतं. तो हसला आणि पुढं निघून गेला.

माझा नवरा कागदाच्या मिलमध्ये ठेकेदाराकडे आहे. त्याचे वडील जळगावकडून मिलच्या नोकरीसाठी इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. मिलमध्ये प्रत्येकाला एक पारदर्शक चष्मा देतात, प्लास्टिकचा, दोन्ही बाजूंना झाकण असलेला. तो कुणीही घालत नाही. खिळ्याला टांगून ठेवतात, साहेब फेरीवर निघालाय अशी खबर आली की सगळे डोळ्याला लावतात, साहेब गेला की परत खिळ्याला. जुने झालेले घरी आणतात आणि कपाटात टाकून ठेवतात. आमच्या कपाटात असे दोन होते. एके दिवशी डोळ्यात खडा गेला आणि संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहिला, तेव्हा माझं डोकं फिरलं. त्यातला एक काढला, राखेनं घासून... नाही, राखेनं नाही, राखेनं चरे पडले असते. साबणानं धुतला, आणि दुसऱ्या दिवशी घालून सायकलवर बसले.

काय सांगू तुम्हाला. ऑटोस्टँडवर एकजण म्हणाला, आंटी, वेल्डिंग की दुकान उधर है. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाईंनी विचारलं, डोळे आले का गं तुझे, मग भाजीला हात लावू नको. ज्या गावात बायका ओढणीने सगळं तोंड गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवून फिरतात, त्या गावाला डोळे झाकलेली बाई बघवत नव्हती. मी एकेकाला उत्तर दिलं. महिनाभरात सगळे गप्प झाले, माझ्या चष्म्याला नाही तर माझ्या तोंडाला घाबरून.

दुसरा चष्मा मी तिला दिला. दिला म्हणजे तिच्या नाकावर चढवला. तिने दोन दिवस घातला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की ताई, मला त्यातून दिसत नाही. ती नाकावरून ओढणी घट्ट बांधायची. श्वासाची वाफ वर जाऊन काच धुरकट व्हायची, एकदा तर ती उभ्या ऑटोवर जाऊन आदळणारच होती. मी म्हटलं, ओढणी नाकाच्या खाली बांध. ती म्हणाली, धुळीनं शिंका येतात. मी म्हटलं, येऊ देत शिंका, डोळा महत्त्वाचा की नाक? ती कधीच काही बोलायची नाही, मान हलवायची. मी समजले की पटलं. तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडापर्यंत चष्मा घालायची, म्हणजे मला दिसेल इतका, आणि पुढं मी ट्रकांच्या भानगडीत पुढे निघाले की काढून पिशवीत टाकायची. हे मला नंतर कळलं.

होळीच्या आधीचे वाऱ्याचे दिवस होते. सकाळी आम्ही जात होतो, मी पुढे, ती मागे. केळीची एक भरलेली ट्रॉली आमच्या बाजूने गेली आणि मागून सायकल पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर ती रस्त्याच्या कडेला बसलेली, उजव्या डोळ्यावर हात. वाळलेल्या पानाची कड डोळ्यात सपकन लागली होती. मी आधी काय करावं? तिच्याजवळ जावं. मी आधी ट्रॉलीमागे धावले, शिव्या देत. ट्रॉली गेली निघून. मग तिच्याकडे आले आणि पहिला प्रश्न केला, चष्मा कुठंय?

पिशवीत, ती म्हणाली.

त्या एका शब्दाने माझ्या मस्तकात तिडीक गेली. रस्त्यावर लोक थांबले होते, त्यांच्यादेखत मी तिला जे बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. मूर्ख म्हणाले, आणखीही काय काय म्हणाले. दुसऱ्याने जीव तोडून दिलेली वस्तू पिशवीत ठेवायला दिली होती का, असं विचारलं. ती एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती आणि दुसऱ्यातून पाणी वाहत होतं. मग पदराची पुरचुंडी करून, तोंडाची वाफ देऊन मी तिचा डोळा शेकला आणि आम्ही कामावर गेलो. दिवसभर ती किसणीवर उभी होती.

आता खरी गोष्ट. आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालं होतं. शिबिरातून एक पिशवी मिळाली, तिच्यात एक काळा चष्मा आणि थेंबांच्या बाटल्या. सासूबाईंच्या डोळ्याला चांगला गुण आला. एक बाटली उरली, ती मी फ्रीजच्या दारात ठेवली. फेकायची कशाला, सरकारी औषध, चांगलं औषध. तेव्हापासून मोहल्ल्यात कुणाचा डोळा लाल झाला की पावलं माझ्या दाराकडे वळायची. मी पलंगावर झोपवून, पापणी उचलून, मोजून दोन थेंब टाकायची. लाली उतरायची. लोक म्हणायचे, ताईच्या हाताला गुण आहे. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? बाटली संपत आली की तिच्यावरचं नाव दाखवून मेडिकलवरून तीच आणायची. मेडिकलवाल्याने एकदाही विचारलं नाही की कुणाला, कशासाठी. त्याच्यावरही मी नंतर जाऊन ओरडले, पण मागणारी मी होते आणि देणारा तो, यात जास्त कुणाचं चुकलं हे तो मला विचारू शकला असता. बिचाऱ्याने विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिच्याही डोळ्यात मीच थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी लाली निम्मी झाली होती. बघ, मी म्हटलं, आहे की नाही? बाटलीच तिच्या हातात दिली, दिवसातून चार वेळा टाक म्हटलं, डॉक्टरीण असल्यासारखी. रोज सकाळी सायकल काढताना विचारायची, कसा आहे डोळा? बरा आहे ताई. ठणका? नाही ताई. आणि रोज तिचं बरं आहे ऐकल्यावर मी पुन्हा चष्म्याची कॅसेट लावायची, फोपनारच्या रस्त्याला लागेपर्यंत. पिशवीत ठेवलास म्हणून हे झालं, घातला असतास तर, आता तरी अक्कल आली का. ती मान हलवायची.

पाचव्या दिवशी तिने माझ्याकडे सासूबाईंचा काळा चष्मा मागितला. मला इतका आनंद झाला. म्हटलं, आली बाई ठिकाणावर. हसले पण, की पारदर्शक नको, हिरोईनला काळाच पाहिजे. तिने तो लावला आणि सायकलवर बसली. शेडमध्येसुद्धा काढला नाही. भट्टीजवळ काळा चष्मा लावून किसणी चालवणारी बाई बघून सगळे हसत होते, मी पण. तिला उजेड सहन होत नाही म्हणून तिने तो मागितला होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोळ्यांवर इतकं भाषण देणारी मी, मला समोरचा डोळा दिसला नाही.

आठव्या दिवशी तिचं किसणीवरचं केळ निसटलं आणि हाताच्या कडेला तेल लागलं. तिच्याकडून असं कधी झालं नव्हतं. मी धावले, हातावर पाणी ओतलं आणि तिच्या डोळ्यावरचा चष्मा ओढून काढला. बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मी ओरडले नाही, तिची पिशवी उचलली आणि तिला शेडबाहेर काढलं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं की काय लागलं होतं. पान, ती म्हणाली. काय टाकलं होतं? तिने पिशवीतून बाटली काढून दिली. डॉक्टर बाटलीकडे बघून एकदम कडाडले. झाडापानाने झालेल्या जखमेत बुरशी धरते, आणि हे औषध ऑपरेशननंतरची सूज दाबायला असतं, अशा जखमेत टाकलं की वरून लाली जाते आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. कुणी दिलं हे तुम्हाला?

मी तिच्या शेजारी उभी होते. ती म्हणाली, मेडिकलवरून आणलं. स्वतःच्या मनाने.

ज्या बाईने ऑटोस्टँडला उत्तर दिलं, ट्रॉलीमागे धावली, ती बाई त्या खोलीत भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभी राहिली. वरचं मोठं अक्षर, मग त्याखालची दोन, मग तीन.

पुढं जळगावचा मोठा दवाखाना. आधी दर तासाला थेंब, मग दर दोन तासाला, दर आठवड्याला रेल्वेने फेरी. तिच्या घरचा स्वयंपाक मी केला, तिच्यासोबत मी गेले, तिच्या डोळ्यात थेंब मी टाकले, घड्याळ लावून. सगळे म्हणाले, सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं. ते ऐकून मला आणखी राग यायचा आणि तो मी दुसऱ्याच कुणावर तरी काढायची. डोळा वाचला, म्हणजे काढावा लागला नाही. पण फुलाचा डाग राहिला. त्या डोळ्याने तिला खिडकी कुठे आहे एवढं कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही.

सेठने तिला किसणीवरून काढून पाकिटं भरायला बसवलं. एका डोळ्याने तेल किती खाली आहे याचा अंदाज येत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. तरी मी त्याच्यावर भर शेडमध्ये ओरडले. ती पाकिटांच्या ढिगाजवळ मान खाली घालून बसली होती. तिची किसणी आता दुसरीच बाई चालवते, चकत्या जाडबारीक पडतात आणि सेठ रोज कटकट करतो.

फ्रीजच्या दारात मी पुन्हा बाटली ठेवली नाही. कुणी थेंब मागायला आलं की दवाखान्यात जा, म्हणून दारातून परत पाठवायची. का नाहीत थेंब, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी मी चष्म्याच्या मागे लागले. मिलमधले जुने चष्मे नवऱ्याकडून मागवले, सायकलवर जाणाऱ्या प्रत्येक बाईला दिले, आणि देताना प्रत्येकीला सांगितलं, हिचं काय झालं बघा. हिने चष्मा पिशवीत ठेवला होता. ती तिथंच उभी असायची. मी तिच्याकडे बोट करून सांगायची. आज आमच्या मोहल्ल्यातल्या सात-आठ बाया चष्मा घालून सायकलवर जातात आणि ऑटोस्टँडवर कुणी हसत नाही. हे मी केलं असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, काय करू.

मागच्या महिन्यात मी तिच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. तिच्याकडे पाहुणी आली होती, देडतलाईची, तिच्या माहेरची. तिने सहज विचारलं, डोळ्याला काय झालं हिच्या. मी सुरू झाले. ट्रॉली, पान, आणि चष्मा कुठं तर पिशवीत. शेजारणीने तेवढं ऐकलं, उठली, पाहुणीला चहा देऊन आत पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज रोजचाच होता, हळू.

"ताई, चष्मा पिशवीत ठेवला ते माझं चुकलं. पान लागलं ते त्याच्यामुळं. ते मी हजार वेळा ऐकलं, अजून ऐकीन. पण दुसऱ्या दिवशी रात्रभर ठणकला होता डोळा. तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी मला त्याने नीट दिसत नव्हतं. मी तुला रोज सांगायचे, बरा आहे."

मला वाटलं ती आता बाटलीचं काढणार. वर्षभर मी त्याच घटकेची वाट बघत होते. म्हटलं, एकदाचं बोलून टाक बाई, तू बोललीस की मी पण बोलेन. मीच आधी म्हणाले, की बाटली माझी होती, मला माहीत आहे, दवाखान्यात मी बोलायला पाहिजे होतं.

"बाटलीचं नाही गं. तुला काय माहीत त्यात काय होतं? तू चांगल्यासाठीच दिली. मला दवाखान्यात जायचं होतं, तिसऱ्या दिवशीच. सायकल काढली पण होती. पण तुला कळलं असतं की डोळा बिघडला, आणि तू ओरडली असतीस. रस्त्यात ओरडलीस ना, तशी. त्या दिवशी मला डोळा दुखत होता त्याच्यापेक्षा ते जास्त लागलं होतं. मी म्हटलं, दोन दिवस बघू, उतरला तर ताईला कळणार पण नाही."

शेंगा माझ्या मांडीवरून खाली सांडल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे पाच दिवस आधी. डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे मी सगळ्या मोहल्ल्याला सांगत फिरले होते, तिच्या हलगर्जीपणाचा पुरावा म्हणून.

मला तिचा हात धरायचा होता. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. पण तोंडातून जे निघालं ते नेहमीच्याच आवाजात निघालं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतकं मोठं.

"मग तेव्हाच सांगायचं ना मला!"

आणि तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.